बीटा निगेटिव्ह, आणि त्यानंतर

देवगडहून कोल्हापूरला जायचं तर तळेरे, वैभववाडी, मग करूळचा घाट चढून गगनबावडा. आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांच्या काळात हा रस्ता आम्हा दोघांना तोंडपाठ झाला. गावात मी खतांचं काम आहे म्हणून सांगायचो. आंब्याची बाग असलेला माणूस खतं-औषधं आणायला कोल्हापूरला जातो, त्यात कुणाला काही वाटत नाही. पेट्यांचे पैसे हातात आले की पुढची सायकल, म्हणजे उपचारांची पुढची फेरी, असा आमचा हिशेब.

इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. पावसात वीज गेली की मी बंदरावरून बर्फ आणायचो आणि मासेवाल्यांकडच्या थर्मोकोलच्या खोक्यात ती ठेवायचो. बर्फाला थेट लागून गोठली तर वाया जातात, म्हणून मध्ये टॉवेल. पोटात टोचायला मी शिकलो. हिचा हात धरून मी टोचायचो आणि ही भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघत बसायची. शेवटचं ट्रिगरचं इंजेक्शन घड्याळ लावून, कारण त्यानंतर साधारण ३५-३६ तासांनी स्त्रीबीजं काढतात. एवढं सगळं जमत होतं. हातात करायला काम असलं की माणूस तग धरतो.

कठीण असतात ते ट्रान्सफरनंतरचे, म्हणजे तयार गर्भ गर्भाशयात सोडल्यानंतरचे दोनेक आठवडे. तेव्हा प्रोजेस्टेरॉन हे हार्मोनचं औषध चालू असतं, आणि त्या औषधानंच छाती दुखते, पोट फुगतं, झोप येते. म्हणजे दिवस गेल्यावर जे व्हायचं, तेच सगळं. ही सकाळी उठून सांगायची, आज मळमळतंय. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की या लक्षणांवर जाऊ नका. पण स्वतःच्या अंगावर विश्वास ठेवायचा नाही, हे कुठल्या बाईला जमेल? मग बीटा एचसीजीचा, म्हणजे दिवस गेलेत का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा रिपोर्ट मोबाइलवर यायचा. आकडा ५ च्या आत, म्हणजे निगेटिव्ह. औषध बंद केलं की थोड्याच दिवसांत पाळी. ती नेहमीसारखी पाळी नसते. पण तिला दुसरं नाव नाही, तिचं सुतक नाही, ती आली म्हणून दारात कुणी येत नाही. कोण येणार? आम्ही तर खतं आणायला गेलो होतो.

घरात फक्त आईला ठाऊक होतं. ती एकदा म्हणाली, "घाटातसून येवन-जावन रवतला कसा?" हे हिच्या मनात इतकं खोल गेलं की पुढच्या वेळी ती गाडीत दोन्ही हातांनी पोट धरून बसली होती. डॉक्टरांनी मग कागदावर आकृती काढून समजावलं. गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना चिकटून असतात, धक्क्यानं आतलं काही पडत नाही. पडून राहिल्यानं यश वाढत नाही. रुजत नाही तेव्हा बरेचदा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. तो कागद मी आईसमोर ठेवला. माझाही शुक्राणूंचा रिपोर्ट कमी आहे, हेही तिला सांगितलं. मूल न होण्यात पुरुषाकडचं कारण, एकटं किंवा जोडीनं, जवळपास निम्म्या जोडप्यांत सापडतं. तरी ग्रामदेवतेकडे गाऱ्हाणं घालायचं ते हिच्यासाठी, ओटी भरायची ती हिनं. त्या दिवसानंतर आई घाटाबद्दल बोलली नाही.

दवाखान्यात बाळांच्या फोटोंनी भरलेली भिंत असायची. १९७८ मध्ये इंग्लंडात जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन जन्मली, ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईत केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून हर्षा जन्मली, हे मी तिथेच बसून वाचलं. वाचताना माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं. लुईसच्या आधीही कित्येक स्त्रियांवर हेच प्रयोग झाले आणि फसले. त्या बाया घरी गेल्या, त्यांचे नवरे घरी गेले. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली? आजही चांगल्या वयातल्या बाईची एक सायकल यशस्वी होण्यापेक्षा फसण्याचीच शक्यता जास्त असते. त्या भिंतीवर मात्र आमच्यासारख्यांचा एकही फोटो नाही.

दुःख दोघांचं असतं, पण ते एका वेळी येत नाही, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. प्रत्येक निगेटिव्हनंतर ही रडायची आणि मी गाडी चालवायचो, बिलं भरायचो, गड्यांना फवारणीचं सांगायचो. लोक मला विचारायचे ते एकच, "वहिनी कशी आहे?" मग आम्ही थांबायचं ठरवलं. कायदा बाईला पन्नाशीपर्यंत आणि पुरुषाला पंचावन्नपर्यंत या उपचारांची मुभा देतो, पण कधी पुरे म्हणायचं हे कायद्यात नसतं. पुरे हे हिनंच आधी म्हटलं. गगनबावड्याला चहाला थांबलो होतो तिथे. त्यानंतर ही हळूहळू सावरली, शिवणाच्या ऑर्डरी घेऊ लागली, रात्री झोपू लागली. आणि मी कोसळलो. ऐन मोहोरात बागेत पाय टाकवेना. जेवण जाईना. हिला वाटायचं, सगळं संपल्यावर याला आता काय झालं? मला वाटायचं, ही विसरली कशी? त्या दोन-तीन महिन्यांत आमचं लग्न जितकं ताणलं गेलं, तितकं उपचार चालू असतानाही ताणलं नव्हतं.

शेवटी हिनंच टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी मला विचारलं, तुम्हाला कसं वाटतंय. मी बराच वेळ बोललो. ही शेजारी बसून ऐकत होती, आणि मी मनात कुठल्या बाळाची काय काय स्वप्नं धरली होती हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

गणपतीत चाकरमानी आले की आता दत्तकाचं विचारतात. हेतू चांगलाच असतो. पण दत्तक म्हणजे या दुःखावरचं औषध नव्हे. येणाऱ्या मुलावर तेवढं ओझं टाकायचं नाही, यावर आमचं दोघांचं एकमत आहे. ठरलं तर त्या मुलासाठी ठरेल. अजून ठरलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात चुलतभावाच्या मुलीचं बारसं आहे. ही जाणार नाही, मी जाणार आहे. आईला तसं सांगून ठेवलंय. कुणी विचारलंच तर कारण मी सांगेन, आणि या वेळी खतांचं नाही सांगणार.