नाव तेच, जहाज दुसरं
नोव्हेंबर म्हणजे आमच्या सेवा केंद्रावर पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्यांचा हंगाम. बाहेर कापसाची वेचणी, आत बाकावर म्हातारी माणसं. लोकांना वाटतं, बोट लावलं की झालं. जन्मभर विळा धरलेल्या बोटावर रेघ उरत नाही, हे मशीन बनवणाऱ्याला कोणी सांगितलंच नसावं. मी आधी ओल्या फडक्याने बोट पुसतो, अंगठा नाही घेतला तर मधलं, तेही नाही तर मोबाइलवर चेहरा. त्यात पापणी लवायला सांगावं लागतं. निम्मी मंडळी डोळे गच्च मिटून देवासमोर बसल्यासारखी बसून राहतात.

त्या दिवशीच्या आबाजींच्या बोटांवरही रेघ नव्हती. तळहातावर भाजल्याचे जुने, गुळगुळीत डाग. "शेतीनं नाही, वाफेनं," म्हणाले. अडचण निराळीच होती. पेन्शनच्या कागदावर इंग्रजी नावात एक 'ए' कमी, आधारवर आहे. तेवढ्यासाठी मागचा दाखला पोर्टलने फेटाळला आणि दहा महिने पेन्शन बंद. पंचाहत्तरीचा माणूस समोर बसलाय, आणि तो तोच आहे हे एका 'ए'वर अडलेलं.

दुरुस्तीच्या अर्जाला पुरावा म्हणून त्यांनी पिशवीतून नौदलाचा जुना कागद काढला. घडीवर फाटलेला, आतून पोस्टाच्या तिकिटांची कड लावून जोडलेला. जहाजांच्या रकान्यात लिहिलं होतं, 'राजपूत', १९७० ते १९७३. माझा हात कीबोर्डवरच थांबला. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी बुडवल्याचं श्रेय याच जहाजाला देतात.

"आबाजी, गाझी तुमीच बुडवली काय?"

"मी कायले बुडवू? मी खाली बॉयलरमधी होतो. वरतं काय चाललं ते आमाले कोन सांगते?"

"पन ऐकू तर आलं असन?"

"दोन दणके बसले. मंग थोड्या वेळानं एक मोठा. आमाले वाटलं, बॉयलरच गेला. सारे पाण्याच्या काचेकडं पाहत उभे."

काचेच्या नळीत पाणी किती उंच दिसायचं, ते त्यांनी माझ्या टेबलाच्या कडेला बोट लावून दाखवलं. युद्धाचं त्यांनी सांगितलं ते एवढंच.

रात्री मी वाचत बसलो. आबाजींचं राजपूत मूळचं इंग्रजांचं 'रॉदरहॅम', १९४२ साली स्कॉटलंडात क्लाइडबँकला पाण्यात सोडलेलं. दुसऱ्या महायुद्धात हिंदी महासागरात हिंडलं, १९४५ मध्ये सिंगापूरच्या नौदल तळावर जपान्यांची शरणागती घ्यायला हेच हजर होतं. १९४९ मध्ये आपल्याकडे आलं. १९७१ पर्यंत पार म्हातारं झालेलं. म्हणून त्याला विशाखापट्टणमला सोंग करायला ठेवलं. आपली विमानवाहू नौका 'विक्रांत' जवळपासच आहे असं वाटावं, असे रेडिओ संदेश ते पाठवत होतं, खरी विक्रांत अंदमानकडे. ३ डिसेंबरच्या मध्यरात्री बंदराबाहेर निघताना संशय आला म्हणून त्याने डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकले. गाझी ९०हून अधिक माणसांसह तळाला गेली. आपण म्हणतो राजपूतने बुडवली, पाकिस्तान म्हणतं आतल्याच स्फोटाने फुटली.

एवढं वाचल्यावर मला कुठला धीर? 'गाझी बुडवणारे आपले आबाजी' असं स्टेटस टाकलं, खाली 'आयएनएस राजपूत' शोधून मिळालेला पहिला फोटो. शाळेतल्या गुरुजींनी तोच उचलून ४ डिसेंबरच्या नौदल दिनासाठी फ्लेक्स छापला. सरपंचांचा फोटो आबाजींच्या दुप्पट, ते सांगायला नकोच.

आबाजी फ्लेक्सखाली बराच वेळ उभे राहिले.

"हे जहाज कोनतं?"

"राजपूत, आबाजी."

"याच्यावर तं मिसाईल हाय. आमच्यावर कुठं होतं? हे माहं जहाज नोहे बापू."

घरी येऊन बघितलं. त्यांचं राजपूत १९७६ मध्ये भंगारात निघालं. फोटोतलं रशियाकडून घेतलेलं, १९८० मध्ये ताफ्यात आलेलं, नाव तेवढं तेच. एका 'ए'पायी पोर्टलला मी दिवसभर शिव्या घालतो, आणि स्वतः नाव जुळलं म्हणून अख्खं जहाज पास केलं. स्टेटस काढलं, तोवर गावाने बघून झालं होतं. गाझीबद्दल त्यांनी काय सांगितलं होतं, तेही मी कुठे ऐकलं होतं?

फ्लेक्स आता कोणाच्या तरी कापसाच्या गंजीवर आहे. आबाजी सोमवारी बाजाराला आले की दारातूनच विचारतात, "जमलं काय बापू?" मी अर्जाचा नंबर टाकतो. अजून 'प्रलंबित' दाखवतंय.