दबा धरून बसलेल्यांचं काय झालं

शनिवार, रात्रीचे सव्वाबारा

सगळे गेले. बाल्कनीत चार ओल्या छत्र्या उघडून ठेवल्या होत्या, त्यातली एक अजून तिथेच आहे. कुणाची ते उद्या ग्रुपवर कळेल. टेबलावर चिवड्यातले उरलेले शेंगदाणे, पुसट झालेला नकाशा, आणि महिनाभर सोफ्याखाली हरवलेला वीस बाजूंचा फासा. कर्वेनगरात पाऊस अजून थांबलेला नाही आणि मला झोप येत नाहीये, कारण आजची लढाई डोक्यातून जात नाही.

आज पहिल्यांदाच २०२४ च्या नियमपुस्तकावरून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळलो. टेबलाभोवती बसून, फासे टाकत, गोष्टीतली पात्रं व्हायचा खेळ. बाकीचे एकेक पात्र होतात, गोष्ट आणि शत्रू मी चालवते. इतकी वर्षं २०१४ ची पाचवी आवृत्ती चालली होती. नव्या पुस्तकाला कुणी अधिकृतपणे सहावी आवृत्ती म्हणत नाही. पाचवीच, फक्त सुधारित. शाळेच्या पुस्तकांचं व्हायचं तसं. ताईचं जुनं पुस्तक चालेल म्हणून आपण निवांत, आणि चाचणीच्या आदल्या रात्री कळतं की आपल्या वर्गाला सातवा धडा वेगळाच आहे.

आमचा सातवा धडा म्हणजे दबा धरणं.

आमच्यात एक चोर आहे. खरं तर पात्राच्या त्या प्रकाराचं नाव ‘रोग’, पण पहिल्याच आठवड्यात तो फोनवर “काकू, मी रोग आहे” असं म्हणाला आणि आईनं मला विचारलं, याला काय झालंय? तेव्हापासून चोर. त्यातही तो मारेकरी, म्हणजे ‘असॅसिन’. त्याचं अख्खं सुख एका क्षणात साठवलेलं असतं: शत्रूला पत्ता नाही, आपण झुडपात, आणि पहिला बाण.

आज माझ्या खेळाडूंनी खिंडीत हॉबगॉब्लिन नावाच्या राक्षसांची आणि त्यांच्या सरदाराची वाट पाहिली. चाळीस मिनिटं नुसती तयारी. कुठल्या दरडीआड कोण, वारा कुठून, पॅलाडिनचं, म्हणजे आमच्या धर्मयोद्धीचं, चिलखत वाजू नये म्हणून त्यात गोधडी कोंबायची का. एवढं मन लावून माझ्याकडचे लोक ऑफिसचं कामही करत नसतील. मग मी इनिशिएटिव्ह, म्हणजे कुणाची पाळी आधी ते ठरवणारा फासा, टाकायला सांगितलं आणि सगळं फिसकटलं.

जुन्या नियमात बेसावध सापडलेल्याची पहिली पाळी वायाच जायची. हलता येत नाही, काही करता येत नाही. अशा माणसाला मारेकऱ्याचा बाण लागला की तो आपोआप क्रिट, म्हणजे माराचे फासे दुप्पट. आमचा चोर पाचव्या पातळीवर आहे, म्हणजे पाठीतल्या वाराचे तीन फासे थेट सहा व्हायचे. (बारकाईनं वाचलं तर तेव्हाही सरदाराची पाळी आधी आली की तो सावध धरायचा, पण आम्ही ते कधी बारकाईनं वाचलंच नाही. वाद घालायला पुणेकर आणि पान उलटायला कोणी नाही.)

नव्या नियमात बेसावध माणसाची पाळी जात नाही. त्याला फक्त इनिशिएटिव्हला दोन फासे टाकून कमी असेल तो धरायचा. मारेकऱ्याला दोन टाकून जास्तीचा. मी सरदारासाठी टाकले: एकोणीस आणि सतरा. चोरानं टाकले: चार आणि नऊ.

टेबलावर एकदम शांतता. मग चोर म्हणाला, “अगं, पण त्याला कळलं कसं? मी अजून बाण सोडलाच नाहीये!”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घोड्यानं कान टवकारले, सरदारानं ढाल वर घेतली, असं काहीतरी रेटलं. चोराचा बाण लागला, पण तीन फासे आणि वर पातळीचे पाच, एवढंच. सरदार उभाच. चोरानं माझ्याकडे असं पाहिलं की मी त्याची दुचाकी टोइंगवाल्यांच्या ताब्यात दिली असावी.

आणि तरी लढाई झक्कास झाली, हेच मला सलतंय. एरवी असा डाव दोन राउंडांत आटपतो (राउंड म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी). आज पाच राउंड गेले, पॅलाडिन दोनदा आडवी झाली, खिंडीच्या दुसऱ्या टोकाकडून कुमक आली. मागे एकदा मी एका म्हाताऱ्या मांत्रिकासाठी तीन संध्याकाळी खर्चून आवाज बसवला होता, जरा नाकातून, पेठेतल्या घरमालकासारखा. तो पहिल्या राउंडला, एक शब्दही न बोलता, खुर्चीत बसल्या बसल्या मेला. आजचा सरदार निदान चार वाक्यं बोलून मेला.

पण ती चाळीस मिनिटं? जुन्या नियमात अर्धी लढाई नकाशावर वाकून, लढाईच्या आधीच जिंकली जायची. नव्यात सगळी मजा लढाई सुरू झाल्यावर. आकडा किती बदलला याचं मला फारसं काही नाही. गोधडीची कल्पना पुढच्या वेळी कुणाला सुचेल का, याचं आहे.

पॅलाडिनचंही असंच. पूर्वी प्रत्येक यशस्वी घावावर ‘डिव्हाइन स्माइट’, म्हणजे दैवी शक्तीचा जादा मार, ओतता यायचं. आता ते मंत्र झालंय आणि त्याला बोनस ॲक्शन लागते, म्हणजे मुख्य ॲक्शनशिवाय पाळीत एकदाच मिळणारी छोटी कृती. औषधाची बाटली पिणंही बोनस ॲक्शन, हात ठेवून बरं करणंही बोनस ॲक्शन. आमच्या सोसायटीत पाहुण्यांसाठी पार्किंगची एकच जागा आहे, तसं झालंय. पूर्वी नियमाप्रमाणे बाटली प्यायला आख्खी ॲक्शन जायची म्हणून कुणी पीतच नसे. हा बदल मात्र मनापासून आवडला. कुऱ्हाडवाल्याचा प्रत्येक घाव आता समोरच्याला पाडू शकतो, त्याला दर पाळीला दोन घाव, म्हणजे दोनदा मी सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, टाकायचा. तो खूश. माझा हात दुखतोय.

दादा (मावसभाऊ, आमचा जादूगार) जाताना चपला घालत म्हणाला, “तुम्ही पोरं सहा सेकंदांच्या राउंडवरून भांडता. आमचा राउंड एका मिनिटाचा होता.” त्यानं १९८९ ची दुसरी आवृत्ती कुणाच्या तरी अमेरिकेतल्या मामाच्या पुस्तकाची झेरॉक्स काढून वाचलेली. तेव्हा इनिशिएटिव्ह दर राउंडला नव्यानं, दहाच्या फाशावर, आणि कमी येईल तो आधी. एसी, म्हणजे चिलखताचा आकडा, तोही कमी तेवढा चांगला. थॅको (शून्य एसीवाल्याला घाव लागायला हवा तो आकडा) वीस, समोरच्याचा एसी चार, म्हणजे सोळा टाक. वजाबाकी करत करत मारामारी. २००० साली तिसऱ्या आवृत्तीनं बेरीज आणली तेव्हा आपल्याला फसवल्यासारखं वाटलं होतं, म्हणाला. एवढी वजाबाकी शिकलो, तिचं काय करायचं?

रविवार, सकाळ

पोहे खाताना आईला सगळं सांगितलं. तिला फाशांशी देणंघेणं नाही, पण ती शाळेत खो-खो खेळायची आणि नियमांच्या गोष्टी तिला आवडतात. डेक्कन जिमखान्यानं १९१४ मध्ये खो-खोचे नियम लिहायला समिती नेमली, हे ती घरातल्या लग्नाची तारीख सांगावी तसं सांगते.

“आमच्यात तो वझीर आला ना, तसं आहे हे,” ती म्हणाली.

२०२२ साली बालेवाडीला अल्टिमेट खो-खोचे सामने झाले, त्यात वझीर होता: पाठलाग करताना वाटेल त्या दिशेला वळू शकणारा खेळाडू. एरवी एकदा दिशा धरली की खुंट गाठेपर्यंत मागे फिरता येत नाही, म्हणून तर बसलेल्याला खो द्यायचा. आई टीव्हीसमोर बसून म्हणाली होती, “हा स्वतःच वळतोय, मग खो कशाला?” तीन दिवस चिडली. चौथ्या दिवशी त्याच वझिरासाठी ओरडत होती.

“मग तो सरदार,” तिनं लिंबू पिळत विचारलं, “त्याला खरंच कसं कळलं?”

“घोड्यानं कान टवकारले.”

“हं,” ती म्हणाली. काही पटलं नाही की ती ‘हं’ म्हणते.

म्हणून पुस्तकात त्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं: दबा नीट धरला असेल तर पहिला एक बाण इनिशिएटिव्हच्या आधी. एकच. नंतर पुस्तकाप्रमाणे. ग्रुपवर टाकलं. चोराचे सात बदाम आले आणि छत्री आपलीच आहे असाही खुलासा आला. पॅलाडिननं मात्र विचारलं, “हा नियम शत्रूंनाही लागू ना?”

पुढच्या शनिवारचे टिपण काढून पाहिलं. पान दोन, पहिली ओळ: नदीच्या उतारावर, वेळूच्या बेटात, आठ गॉब्लिन, दबा धरून.

अजून उत्तर दिलेलं नाही.