भोपळ्याला मादीफूल आलं

रविवार, सकाळ.

भोपळ्याला आज पहिलं मादीफूल आलं! बरेच दिवस नुसती नरफुलं उमलत होती आणि दुपारपर्यंत मिटून जात होती. आधी नर, मग मादी, हा या वेलाचा ठरलेला क्रम. तरी रोज उठल्याउठल्या पानं सारून बघितल्याशिवाय राहवत नाही. मादीफूल ओळखायला सोपं असतं. त्याच्या देठाशी गोटीएवढा, लव असलेला हिरवा भोपळा फूल उमलायच्या आधीपासूनच बसलेला असतो. पराग मिळाले तर फुगतो, नाहीतर पिवळा पडून गळतो.

मधमाश्या येऊन गेल्या असतील, पण मला कुठला धीर? एक नरफूल खुडलं, पाकळ्या काढल्या आणि मधला परागाने माखलेला दांडा मादीफुलात अलगद फिरवला. बोटांना लागलेली पिवळी पूड चहाच्या कपालाही लागली. दुधीचा कारभार उलटा. त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि त्यांच्याकडे येतात ते पतंग. म्हणजे संध्याकाळच्या फेरीलाही निमित्त झालं. (निमित्त नसतं तरी मी गेलेच असते, असं घरातल्यांचं म्हणणं.)

भाजीचा वाफा वेगळा आणि फुलांचा वेगळा, हे मला कधी पटलं नाही. वसंतात भाजीची बागही फुलांचीच असते की. माझ्याकडे टोमॅटोच्या मध्ये झेंडू आहे, काकडीच्या मांडवाखाली झिनिया. झेंडूच्या मुळांतली द्रव्यं जमिनीतल्या सूत्रकृमींना, म्हणजे मुळांना लागणाऱ्या बारीक कृमींना, मानवत नाहीत, एवढं खरं. पण झेंडू लावला की सगळी कीड पळते, यावर विश्वास ठेवू नये. चवळीच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) बसलाय आणि त्याचा गोड चिकटा चाटायला मुंग्यांची रांग लागली आहे. फवारणी मात्र केली नाही, कारण त्याच शेंड्यावर ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी दिसली. काळी, अंगावर नारिंगी ठिपके, चिमुकली मगरच जणू. हिला बघून कीड समजून चिरडणारे पुष्कळ. खरं तर ती एकामागून एक मावा फस्त करत असते.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो टोमॅटोपाशी. एक काळा भुंगा फुलाला उलटा लटकला आणि पंख मिटलेले असतानाच घूं करून आवाज काढायला लागला. टोमॅटोचे पराग नळीसारख्या परागकोशात बंद असतात. त्या थरथरीने ते खाली झडतात. मधमाशीला ही युक्ती येत नाही. वाऱ्यानेही काम होतं म्हणा, पण भुंग्याचं हे घूं एकदा कानावर पडलं की पाय हलत नाही. झारी हातात तशीच, पाणी पायावर.

उद्या झिनियाची सुकलेली फुलं खुडायची आहेत, नाहीतर झाड बी धरण्याच्या मागे लागतं आणि नव्या कळ्या कमी येतात. काकडीला अजून एक दोरी बांधायला हवी. तिचे ताणे झिनियाच्या मानेलाच विळखा घालायला निघालेत.