मिनिटाला तीन पौंड साठ

शनिवार, ९ मार्च २०२४

आजही उडणं नाही. सकाळी साडेसातला फ्लाइंग क्लबचा मेसेज आला, धावपट्टी बंद. आमची धावपट्टी गवताची, आणि या हिवाळ्यात इंग्लंडात एवढा पाऊस झालाय की तिथे विमान उतरवण्यापेक्षा भात लावलेला बरा. ४ फेब्रुवारीला उडले होते, त्यानंतरचा हा पाचवा शनिवार.

नुसता वाया गेला असता तरी चाललं असतं, वर भुर्दंडही आहे. अठ्ठावीस दिवसांत एकदाही उडालं नाही तर पुढचं उड्डाण इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवूनच, असा क्लबचा नियम. हा कायदा नव्हे. कायद्याचं म्हणणं एवढंच, की कुणाला सोबत न्यायचं असेल तर गेल्या नव्वद दिवसांत तुमचे तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेले हवेत. पण विमान त्यांचं, विमा त्यांचा, मग नियमही त्यांचाच. पाणी ढगातून पडलं आणि इन्स्ट्रक्टरचे पैसे माझ्या खात्यातून जाणार.

लोकांना वाटतं खर्च लायसन्सचा असतो. तोही होताच, किमान ४५ तास शिकावं लागतं, मला ६३ लागले. पण तो एकदाचा झाला. आता माझं रेटिंग, म्हणजे लायसन्सवरची मुदतीची परवानगी, ३० सप्टेंबरला संपतंय. परीक्षेला न बसता ते पुढे न्यायचं, तर शेवटच्या बारा महिन्यांत बारा तास भरायला हवेत, त्यातला एक इन्स्ट्रक्टरबरोबर. ऑक्टोबरपासून माझे झालेत चार तास वीस मिनिटं. वॉरियरचा, म्हणजे आमच्या क्लबच्या चार सीटच्या छोट्या विमानाचा, दर तासाला २१६ पौंड, इंधन आणि व्हॅट धरून. उरलेल्या सात तास चाळीस मिनिटांचे साडेसोळाशेच्या वर जातात. तेवढ्यात नवऱ्याला आणि लेकीला धुळ्याला नेऊन आणता येतं, हा हिशेब मी घरात मोठ्याने करत नाही.

संध्याकाळी आईचा फोन. "तासाला किती पडतात गं?" मी म्हटलं, "दहा-बारा हजार." खरे तेवीस हजार. ती म्हणाली, "मग इकडे गोंदूरच्या विमानतळावर ये की. पोरंपोरी शिकतात तिथे, घरावरून जातात विमानं." तिला कसं सांगू, की तिथे शिकवतात, रविवारी तासाभरासाठी विमानाची किल्ली हातात देणं ही वेगळी गोष्ट आहे. आणि रेडिंगहून गोंदूरला उडायला जायचं म्हणजे चहा प्यायला दार्जिलिंग गाठण्यासारखं.

रविवार, २४ मार्च

गेल्या आठवड्यात इन्स्ट्रक्टरबरोबरचं चेक उड्डाण उरकलं. आज एकटी. किती दिवसांनी ऊन! म्हणजे सगळा गाव मैदानावर.

हे लिहायला जरा लाज वाटतेय, म्हणून आधी दाराबद्दल. वॉरियरला दार एकच, उजव्या बाजूला, पंखावर चढून आत शिरायचं. वैमानिक आधी आत जाऊन सरकत सरकत डाव्या खुर्चीत बसतो आणि मागून येणारा दार लावतो. एकटं असलं की ते आपणच, हात लांब करून. कड्या दोन: एक बाजूला, दुसरी वर, डोक्याच्या अंगाला.

आमच्या क्लबात पैसे मोजतात ते ब्रेक सोडल्यापासून परत ब्रेक लावेपर्यंत. विमान हवेत असो की नसो. आज होल्डिंग पॉइंटला, म्हणजे धावपट्टीवर जाण्याआधी थांबतात तिथे, माझ्यापुढे चार विमानं. एक शिकाऊ मुलगा पॉवर चेक, म्हणजे इंजिन जोरात फिरवून तपासणी, करतोय, करतोय, करतोच आहे. मीही तशीच होते, त्याला काय बोलणार! पण २१६ भागिले साठ म्हणजे मिनिटाला तीन पौंड साठ, हा भागाकार मला पाठ आहे. रिक्षात बसल्यावर बाहेर न बघता मीटरकडे बघत बसणारी माणसं असतात ना, तशी मी घड्याळाकडे बघत होते. चौदा मिनिटं गेली. पन्नास पौंड, आणि चाकं अजून गवतात.

शेवटी नंबर आला. चेकलिस्ट म्हटली, सगळी म्हटली. "दार, दोन्ही कड्या" हेही म्हटलं. तोंडाने. हात वर गेलाच नाही.

तीनशे फुटांवर कानाशी फट्कन आवाज झाला आणि वारा घोंघावायला लागला. दार बोटभर उघडलेलं. यात घाबरण्यासारखं खरंच काही नसतं. वॉरियर उघड्या दाराने नीट उडतं, तसं शिकवलेलंही असतं: आधी विमान सांभाळ, दाराचं खाली उतरल्यावर बघू. चार्ट मागच्या सीटवर उडून गेला. सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीची फेरी, पुरं केलं, उतरले, कडी लावली, पुन्हा रांगेत. वाचवायला गेले दोन मिनिटं, आठ मिनिटांचं बिल वाढलं.

कडी विसरल्याचं तेवढं नाही बोचत. सगळेच कधी ना कधी विसरतात, म्हणून तर चेकलिस्ट आहे. बोचतंय ते हे, की ती वाचताना माझ्या डोक्यात दार नव्हतं, तीन साठ होते.

सोमवार, १ एप्रिल

ईस्टरची सुट्टी. पाऊण तासावरच्या एका क्लबात जाऊन आले, कारण त्यांची जाहिरात: सेस्ना १५२, तासाला फक्त १६५.

तो 'फक्त' टेबलाशी बसल्यावर विरघळला. १६५ वर वीस टक्के व्हॅट, झाले १९८. त्यावर इंधनाचा अधिभार बारा, झाले २१०. शिवाय सभासदत्व वर्षाला २४०. माझ्या बारा तासांवर ते वाटलं की तासाला आणखी वीस. हे सगळं सांगणारा मुलगा फार गोड होता, चहाही दिला. जाहिरातीत आकडा कोरडा का ओला, म्हणजे इंधनाशिवाय की इंधनासकट, हे विचारायचं मला माहीत होतं. व्हॅटचं विचारायला हवं, हे आज कळलं.

आणि वजन. १५२ म्हणजे चिमुकलं विमान, दोन सीटचं. कमाल वजन १६७० पौंड, म्हणजे ७५७ किलो. त्या विमानाचं रिकामं वजन आणि भरलेल्या टाक्या वजा केल्या तर माणसांसाठी १६० किलो उरतात. मी ६८, नवरा ९४. दोन किलो जास्त, तेही डबा न घेता. घरी येऊन त्याला सांगितलं, की एकतर तू किंवा इंधन. तो म्हणाला, "इंधन ने, मी जेवून घेतो."

दहा तासांचे पैसे आगाऊ भरले तर तासामागे वीस पौंड सूट, असंही त्या मुलाने सुचवलं. नको. उद्या क्लबला टाळं लागलं की आगाऊ भरणारे घेणेकऱ्यांच्या रांगेत सगळ्यात मागे.

मंगळवार, ९ एप्रिल, पाडवा

सकाळी गुढी उभारली. शेजारच्या आजोबांनी यंदाही कपडे वाळत घातलेत का म्हणून विचारलं. मग दिवसभर ऑफिस. रात्री वही काढली.

इकारस सी४२ हे मायक्रोलाइट, म्हणजे दोन सीटचं अगदी हलकं विमान, स्वस्त आहे. तासाला बारा-चौदा लिटर पितं, तेही गाडीचं पेट्रोल. वॉरियरला चौतीसेक लिटर अ‍ॅवगॅस, म्हणजे विमानाचं खास पेट्रोल, लागतं. माझ्या लायसन्सवर ते उडवायचं तर इन्स्ट्रक्टरकडून आधी फरकाचं प्रशिक्षण, बस. मोह होतोय. पण लेक मागे बसायची तर मागे सीट हवी.

मग गट. इथे ही फार जुनी पद्धत आहे: आठ-दहा जण मिळून एक विमान घेतात. कायद्याने वीसपर्यंत मालक चालतात, प्रत्येकाचा किमान पाच टक्के हिस्सा. हँगर, विमा, वार्षिक तपासणी सगळ्यांनी वाटून, आणि उडाल त्या तासांचे वेगळे. दोन मैदानं सोडून एक वॉरियर आहे, दहा जणांचं. हिस्सा साडेसहा हजारांना, महिना ९५, आणि तासाला ११०, इंधनासकट.

११० वाचून मी जवळजवळ नाचले. मग बेरीज केली. महिन्याचे ९५ म्हणजे वर्षाचे ११४०, उडा किंवा उडू नका. बारा तास उडाले तर तासाला पडतात २०५. वीस तासांना १६७. तीस तासांना १४८. म्हणजे सप्टेंबरपुरते बारा तास भरायचे असतील तर मी आहे तिथेच बरी. साडेसहा हजार अडकवून तासाला अकरा पौंड वाचवायचे हा कसला सौदा. स्वस्त दर मिळतो तो भरपूर उडणाऱ्याला, आणि भरपूर उडायला आधी पैसे लागतात. दर विचारण्याआधी आपण वर्षाला खरंच किती उडतो हे स्वतःला विचारावं. माझ्या लॉगबुकात गेल्या वर्षी चौदा तास आहेत. मनात पंचवीस होते.

आईला गटाचं समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे भिशीच की." मग पुढे, "पैसे कोणाकडे असतात ते आधी बघ. आमच्या भिशीत ती कोपऱ्यावरची होती, आठवते ना?"

शनिवार, २० एप्रिल

पैसे ज्यांच्याकडे असतात ते भेटले. सत्तरीच्या पुढचे, स्वेटरला कोपरावर ठिगळ, हातात स्टीलचा थर्मास आणि विमानाच्या नोंदवह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. आईचाच प्रश्न मी जरा सभ्य करून विचारला: इंजिन किती तासांवर आहे, आणि नव्यासाठी बाजूला किती ठेवलेत?

त्यांनी न कचरता सांगितलं. लायकमिंगचं इंजिन, कंपनीच्या शिफारशीप्रमाणे दोन हजार तासांना ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्ती. त्यांचं झालंय १७४०. नीट चालत असेल, तपासण्यांत पास होत असेल तर पुढेही वापरता येतं, पण त्या भरवशावर बसायचं नाही. निधीत नऊ हजार आहेत. तासाच्या दरातले वीस पौंड निधीत जातात, म्हणजे उरलेल्या २६० तासांत आणखी बावन्नशे. ओव्हरहॉलचा अंदाज अठ्ठावीस हजार. त्यांनीच माझ्यासमोर वजाबाकी केली: तूट १३,८००, डोई १,३८०. "हिस्सा घेतलात तर हेही तुमचं," म्हणाले. इतक्या सरळपणे घर विकणारा माणूस मी पाहिलेला नाही.

मग त्यांनीच दुसरी वाट सांगितली. एका सभासदाचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, सहा महिने जागा रिकामी. मालकी नको; पाचशे अनामत, महिना ९०, तासाला १३०. उडून आल्यावर पंखांवरचे किडे स्वतः पुसायचे.

आकड्यांत हे काही फार स्वस्त नाही. सहा महिन्यांत दहा तास उडाले तर १८४. पण मी विचारलं, तास मोजता कसे? ते म्हणाले, टॅकोवर. म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांवर. हळू फिरत असेल तर तो आकडा घड्याळाच्या बराच मागे राहतो. रांगेत उभं राहिलं तर जेमतेम सरकतो.

मी तिथेच हो म्हणून टाकलं. नवऱ्याला विचारायचं ठरलं होतं.

रविवार, ५ मे

थर्मासवाल्या काकांबरोबर गेल्या आठवड्यात एक चेक उड्डाण झालं, आज नवऱ्याला घेऊन. पॉपमला गेलो, ए३०३ रस्त्याच्या कडेची गवताची धावपट्टी, आता वाळलेली. वर लंडनच्या नियंत्रित हवाई क्षेत्राचं छप्पर. त्याखालून सरळ रस्ता धरून. चहा आणि केक. परत. इथल्या नियमात सोबत्याकडून खर्चाची वाटणी घेता येते, आपला हिस्सा आपण भरून. त्याने त्याचा वाटा म्हणून चहाचे पैसे दिले.

निघताना होल्डिंग पॉइंटला सहा मिनिटं थांबलो. पुढे कुणीतरी शिकाऊ. दार नवऱ्याने लावलं होतं, तरी मी हात त्याच्या डोक्यावरून नेऊन वरची कडी चाचपली. मग पुन्हा एकदा.

जाऊन-येऊन घड्याळात ५८ मिनिटं, टॅकोवर ०.८. एकशे चार पौंड, उतरण्याची फी वेगळी. बादली, स्पंज, आणि पंखाच्या पुढच्या कडेवर मे महिन्याचे झाडून सगळे किडे. ते वाळले की नखाने काढावे लागतात; लगेच ओलं फडकं टाकून ठेवायचं, हे थर्मासवाल्या काकांनी शिकवलं.

रात्री आईचा फोन. "लागला का तुझा भिशीत नंबर?"

"लागला."

"आणि तासाला किती?"

या वेळी खरं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "जावई काय म्हणाले?"