खिडकीकडचा गाल

लेकीच्या साखरपुड्याचे फोटो पाहून धास्तावलेल्या एक बाई मे महिन्यातल्या एका सकाळी माझ्या सोलापूरच्या दवाखान्यात आल्या. वय ५१, बियाण्यांच्या एका कंपनीत विभागीय जबाबदारी, बोलणे एरवी ठाम असावे. पण त्या दिवशी आवाज खाली होता. नात्यातल्या कोणीतरी फोटो बघून ‘तोंडावरून वारं गेलं होतं का’ असे विचारले होते, आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली होती. फॅमिली डॉक्टरांनी रक्तदाब आणि साखर तपासून, काही सापडले नाही म्हणून, ‘त्वचेचं काही असेल’ असे सांगून त्यांना माझ्याकडे पाठवले होते. (त्यांच्या परवानगीने हे लिहीत आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

चेहऱ्याच्या दोन बाजू वेगळ्या दिसत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञानेही आधी मज्जातंतूकडेच पाहिले पाहिजे, असे माझे मत आहे. मी त्यांना भुवया वर उचलून कपाळाला आठ्या घालायला सांगितले, डोळे घट्ट मिटायला लावून बोटांनी पापण्या उघडण्याचा प्रयत्न केला, गाल फुगवायला आणि दात दाखवायला सांगितले. दोन्हीकडची ताकद सारखी होती. चेहऱ्याचा पक्षाघात झाला, तर त्या बाजूच्या सुरकुत्या पुसट होतात, कपाळ गुळगुळीत दिसते. यांच्या बाबतीत उलट होते. डावा गाल वयाला शोभेल असा होता. उजव्या बाजूला मात्र डोळ्याच्या कोपऱ्यापासून कानशिलापर्यंत खोल रेषा फाकत गेल्या होत्या, गालावर आडव्या-उभ्या घड्यांची जाळी पडली होती, त्वचा हाताला जाडसर लागत होती आणि तिला किंचित पिवळट छटा आली होती. गालाच्या हाडावर तपकिरी डाग होते आणि डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला, भिंगातून पाहिल्यावर, काळ्या तोंडाची बारीक छिद्रे ओळीने दिसत होती.

“मी उजव्या कुशीवर झोपते, त्यामुळं असेल का?” त्यांनी विचारले. उशीच्या दाबाने रेषा पडतात हे खरे आहे; पण उशीमुळे डाग पडत नाहीत आणि त्वचा जाड व पिवळट होत नाही. मी त्यांना दोन्ही हात टेबलावर ठेवायला सांगितले. उजव्या हाताची मनगटापासून कोपरापर्यंतची बाजू डाव्यापेक्षा उघडच काळवंडलेली होती. मग मी विचारले, “ताई, गाडी तुम्ही स्वतः चालवता का?”

त्या गेली १९ वर्षे स्वतः चालवत होत्या. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मंगळवेढा, कधी पलीकडे विजयपूर; विक्रेत्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या भेटींसाठी महिन्यातले बरेच दिवस रस्त्यावर. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि खिडकी त्याच्या उजव्या गालाशी असते. “पण काच तर कायम वर असते, एसी असतो. ऊन कधी चटकलंसुद्धा नाही,” त्या म्हणाल्या, आणि नेमके तेच या सगळ्याचे मूळ होते. त्वचा भाजणारे अतिनील ‘बी’ किरण काचेत बहुतांशी अडतात. त्यांच्यापेक्षा खोल जाणारे अतिनील ‘ए’ किरण मात्र बाजूच्या साध्या काचेतून बऱ्याच प्रमाणात आत येतात. समोरची काच दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून केलेली असल्याने ती हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते. दाराची काच तशी नसते. ‘ए’ किरणांनी आग होत नाही, म्हणून माणूस सावध होत नाही. पण त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजन (त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन) तोडणारी विकरे त्यांमुळे वाढतात, आणि वर्षानुवर्षे नव्यापेक्षा तुटलेले जास्त अशी स्थिती राहते.

वैद्यकीय साहित्यात याचे एक गाजलेले उदाहरण आहे. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने अमेरिकेतल्या ६९ वर्षांच्या एका मालवाहतूक चालकाचे छायाचित्र छापले होते. २८ वर्षे गाडी चालवलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी दिसते, कारण तिकडे चालक डावीकडे बसतो. ते छायाचित्र मी शिकताना पाहिले होते, शिकवताना दाखवले होते. पण इतका ठळक नमुना प्रत्यक्ष समोर बसलेला मी त्या दिवशीच पाहिला. संगणकावर तो फोटो काढून त्यांच्याकडे वळवला, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, “म्हणजे हे वय नव्हे?”

वयही होतेच, आणि ते लपवणे मला योग्य वाटले नाही. त्यांची पाळी बंद होऊन दोन वर्षे झाली होती. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटल्याने त्वचेतले कोलॅजन सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. म्हणूनच पन्नाशीच्या आसपास कित्येक स्त्रियांना आपला चेहरा दोन-तीन वर्षांत एकदम उतरल्यासारखा वाटतो. तरीही वयाचा आणि उन्हाचा वाटा वेगळा करून बघता येतो. मी त्यांना ब्लाउजची बाही वर सारून दंडाची आतली बाजू आरशात बघायला सांगितली. ती त्वचाही ५१ वर्षांचीच; पण ऊन न लागल्यामुळे मऊ, एकसारख्या रंगाची, जवळून पाहिल्यावरच दिसणाऱ्या बारीक रेषांची. एवढे एक दाखवले, की उन्हापासूनचा बचाव ही नखऱ्याची गोष्ट नाही हे पटवून द्यायला मला फार बोलावे लागत नाही.

मग त्यांनी पर्समधून एक पिशवी काढून टेबलावर ओतली. सोन्याचा अर्क असल्याचा दावा करणारे सीरम, कोलॅजनचे क्रीम, आणि औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेली एक ट्यूब, जिच्यात तीव्र स्टेरॉइड होते. कोलॅजनचा रेणू इतका मोठा असतो, की तो वरून लावून त्वचेत शिरतच नाही. अशा क्रीममुळे ओलावा टिकतो, सुरकुती भरत नाही. त्यात पैसा गेला, पण इजा झाली नाही. स्टेरॉइडचे तसे नव्हते. सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो म्हणून लोक ते लावत राहतात, आणि त्वचा पातळ होऊन लालसर रक्तवाहिन्या दिसू लागतात. २०१८ साली केंद्र सरकारने नियम कडक करूनही ही मलमे सर्रास हातावर ठेवली जातात, याचा मला मनापासून राग आहे. त्यांची ट्यूब नुकतीच सुरू झाली होती, म्हणून लगेच बंद करता आली.

लग्न नऊ आठवड्यांवर होते आणि त्यांना तोवर फरक हवा होता. इथे मी खरे सांगायचे ठरवले. बारीक सुरकुत्यांवर ज्या मलमामागे सर्वांत भक्कम पुरावा आहे ते म्हणजे ट्रेटिनॉइन. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले अल्बर्ट क्लिगमन यांच्याकडे मुरमांसाठी हे औषध लावणाऱ्या मोठ्या वयाच्या स्त्रिया ‘त्वचा मऊ झाली, रेषा कमी झाल्या’ असे सांगू लागल्या. त्यातून १९८६ चा त्यांचा शोधनिबंध आला, आणि १९९५ साली अमेरिकेत या कामासाठी त्याला मान्यता मिळाली. पण त्याचा गुण दिसायला चार ते सहा महिने लागतात, पहिल्या आठवड्यांत चेहरा लाल होतो, साले निघतात. हुळहुळ्या झालेल्या त्वचेवर लग्नाच्या तोंडावर ते सुरू करणे म्हणजे ऐन समारंभात चेहरा सोलवटून घेणे होते.

त्यांनी बोटॉक्सचे, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनमच्या इंजेक्शनचे, विचारले. स्नायूंच्या हालचालीने पडणाऱ्या रेषांवर ते निश्चित काम करते. व्हँकुव्हरच्या कॅरुथर्स दांपत्याला त्याचा हा उपयोग पापण्यांच्या आकडीवर उपचार करताना १९८७ च्या सुमारास लक्षात आला, आणि २००२ साली अमेरिकेत भुवयांमधल्या आठ्यांसाठी त्याला परवानगी मिळाली. परिणाम काही दिवसांत सुरू होतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि तीन-चार महिने टिकतो. त्यांच्या आठ्यांना आणि डोळ्यांच्या कडेच्या रेषांना त्याचा उपयोग होता. गालावरच्या जाळीला नव्हता, कारण ती स्नायूची नव्हे, उन्हाची होती. ओळखीच्या पार्लरमध्ये फिलरची, म्हणजे त्वचेखाली भराव घालणाऱ्या जेलची, इंजेक्शने स्वस्तात देतात, असेही त्या म्हणाल्या. तिथे मी स्पष्ट नकार दिला. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेले तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. आणि उतारा हाताशी नसलेल्या, तो वापरता न येणाऱ्या ठिकाणी हा धोका कोणीही पत्करू नये.

शेवटी ठरले ते असे. लग्नापर्यंत फक्त साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, लग्नाच्या तीन आठवडे आधी बोट्युलिनमची मोजकी इंजेक्शने, ट्रेटिनॉइन लग्नानंतर. सनस्क्रीन कमीत कमी एसपीएफ ३० चे, आणि एसपीएफचा आकडा मुख्यतः ‘बी’ किरणांचा असल्याने वेष्टनावर ‘ए’ किरणांपासूनचा बचाव दाखवणारी ‘पीए’ची चिन्हे पाहून घेतलेले; चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढे, गाडीत बसण्याआधी आणि दर दोन-तीन तासांनी पुन्हा. आपल्या वर्णाच्या त्वचेवर दृश्य प्रकाशानेही डाग गडद होतात, म्हणून लोहाची संयुगे असलेले रंगीत सनस्क्रीन निवडले. काचेला काळी फिल्म लावू का, असे त्यांनी विचारले. पण तिच्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच बंदी घातली आहे. तेव्हा पूर्ण बाहीचा सुती सदरा आणि मानेभोवती ओढणी. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर गावी झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य साडेचार वर्षांत इतरांपेक्षा २४ टक्के कमी आढळले होते. त्यात पंचावन्नपर्यंतची माणसे होती, म्हणजे त्यांच्या वयातही उशीर झालेला नाही, हे मी त्यांना मुद्दाम सांगितले.

लग्नानंतर ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइन, हरभऱ्याच्या दाण्याएवढे, रात्री, आधी आठवड्यातून दोनदा, मग एक दिवसाआड. पहिल्या महिन्यात त्यांनी दोनदा वैतागून फोन केला. मी प्रमाण कमी करायला लावले, पण सोडू दिले नाही. संक्रांतीच्या सुमारास त्या आल्या तेव्हा त्याच खुर्चीत, त्याच दिव्याखाली फोटो घेतला. गालावरची जाळी उघड विरळ झाली होती, डाग फिकट झाले होते, त्वचेचा पिवळटपणा कमी झाला होता. कानशिलाकडच्या खोल रेषा होत्या तशाच होत्या. त्यांच्यासाठी लेझरचा पर्याय मी सांगितला, आणि आपल्या वर्णात त्याने काळे डाग उरण्याचा धोका जास्त, हेही सांगितले. त्यांनी तो नाकारला. बोट्युलिनमचा परिणाम ओसरला होता, तेही पुन्हा नको म्हणाल्या.

जाता जाता त्यांनी विचारले, “मुलगी पुण्याला गाडीनंच ऑफिसला जाते. माझी ही ट्यूब तिला देऊ का?” ती आणि जावई मूल होऊ देण्याच्या विचारात आहेत, हे त्यांच्याच बोलण्यात आधी आले होते. त्या काळात ट्रेटिनॉइन लावायचे नसते. मी ट्यूबवर त्यांचेच नाव लिहून दिले आणि मुलीसाठी वेगळ्या चिठ्ठीवर फक्त सनस्क्रीन लिहिले, उजव्या हातालाही लावायचे अशा सूचनेसह.