किणी टोलनाक्यावर अडकलेली गाडी आणि संपत आलेलं ई-वे बिल

२२ जुलै २०२१, गुरुवार. भोसरीतून मशीनचे सुटे भाग भरून रात्री कागल एमआयडीसीला निघालो. गाडी माझी स्वतःची, दहा टायर. शुक्रवारी किणी टोलनाक्याजवळ पोलिसांनी थांबवलं. पुढे कोल्हापूरजवळ शिरोलीत पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं. नदीची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी त्याच्या कितीतरी वर गेलेलं.

मागच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, भरलेली गाडी आहे, हलणार नाही. आतल्या रस्त्यानं काढू." मी नाही म्हणालो. वाहत्या पाण्याखाली साइडपट्टी शाबूत आहे की वाहून गेली, हे केबिनमधून दिसत नाही. थांबण्याचं मला काही वाटत नव्हतं. जीव खाल्ला तो कागदानं.

तो कागद म्हणजे ई-वे बिल, माल नेताना सोबत लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल. त्याला २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. माझं अंतर अडीचशेच्या आसपास, म्हणजे दोन दिवस. मुदत शनिवारी रात्री १२ला संपणार. संपायच्या आधी ८ तास आणि नंतर ८ तास, एवढ्यातच ती वाढवता येते. म्हणजे शनिवारी दुपारी ४ ते रविवारी सकाळी ८. आणि वाढवणार कोण? ज्या ट्रान्सपोर्टच्या नावावर बिल आहे तो. मला स्वतःला ते करता येत नव्हतं.

शनिवारी ४ वाजता त्या ट्रान्सपोर्टच्या बुकिंग ऑफिसला फोन लावला. क्लार्क घरी गेलेला. म्हणाला, "सोमवारी आल्यावर बघतो दादा, रस्ता तर बंदच आहे ना." मी समजावलं, सोमवारी वाढणारच नाही, आणि बिल संपलेल्या गाडीला पुढे कुणी धरलं तर दंड बसेल. "बरं, करतो" म्हणाला आणि नंतर फोनच उचलेना. ९ला लावला, ११ला लावला, १२ वाजून गेले तरी लावतच होतो. बाहेर पाऊस, केबिनची काच धुक्यानं भरलेली. खरं सांगतो, त्या रात्री मनात आलं की चुकीचं असलं तरी आतल्या रस्त्यानं गाडी काढावी. पाण्यात गाड्या अशाच घातल्या जातात. मागून कागद आणि माल मागवणारी पार्टी ढकलत असतात.

पहाटे साडेपाचला पुन्हा लावला. या वेळी त्याच्या बायकोनं उचलला. मी म्हणालो, "वहिनी, एवढं उठवा त्यांना." त्यानं विचारलं ते इतकंच: गाडी आत्ता कुठं आहे, तिथला पिनकोड, उरलेलं अंतर. कारणात 'नैसर्गिक आपत्ती' असा पर्याय असतोच. पिनकोड पंपावरच्या पोरानं सांगितला. दहा मिनिटांचं काम, त्यासाठी साडेतेरा तास. उरलेलं अंतर कमी म्हणून वाढीव मुदतही एकाच दिवसाची मिळते, तेव्हा ती कधी संपते ते तिथंच लिहून ठेवा. वाढीव मुदतीचं बिल व्हॉट्सअॅपवर आलं तेव्हा मी सीटवर आडवा झालो आणि दुपारपर्यंत झोपलो.

एक सांगायचं राहिलं. मुसळधार पावसात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका. तुम्ही वळताय की थांबलाय, मागच्याला कळत नाही. हेडलाइट डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर, पुरे. आणि थांबायचं तर पंपावर किंवा ढाब्यावर, साइडपट्टीवर नाही. येताना खंबाटकी घाट उतरताना गिअर आधीच खालचा टाकला होता. ओल्या रस्त्यावर नुसत्या ब्रेकवर उतरायचं नसतं.

सोमवारी गाड्या सोडायला लागले. रस्त्यावर अजून थोडं पाणी होतं. एकाच गिअरमध्ये, क्लच न दाबता काढली. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलके दाबत सुकवले, मगच वेग घेतला. संध्याकाळी माल उतरला, एक पेटी भिजली नव्हती.

आता भाडं घेतानाच विचारतो, शनिवारी रात्री बिल कोण वाढवून देणार. त्या माणसाचा घरचा नंबर मिळाल्याशिवाय गाडी हलवत नाही.