दोन रेसच्या मधला अर्धा तास

दादा इंग्लंडमध्ये लीड्सला असतो, आठवड्यातले चार दिवस नोकरी करतो आणि दोन दुपारी घोड्यांच्या रेसच्या मार्केटमध्ये ट्रेडिंग, आणि त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला थांबवणं त्याच्या मेंदूला अवघड जातं. हे तिन्ही एका दमात सांगितलं की इंदूरच्या आमच्या नातेवाइकांना फक्त सट्टाच ऐकू येतो. रामबागेतल्या काकू तर सरळ विचारतात, "काय गं, तो तिकडे पैसे लावून राहिलाय म्हणे?" दारात उभ्याउभ्या काय सांगणार, म्हणून आज नीट लिहायला बसलेय.

आधी हे की इथे बसून कोणीही हे करायला जाऊ नका. आपल्याकडे १८६७ चा जुगाराचा कायदा होताच, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा आला, त्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंदच केले. तिकडे ते कायदेशीर आहे, लायसन्स आहे, देखरेखीला गॅम्बलिंग कमिशन आहे. दादा ज्या प्रकारच्या एक्स्चेंजवर असतो तिथे कंपनी तुमच्या विरुद्ध खेळत नाही, एक माणूस घोडा जिंकेल म्हणून लावतो, दुसरा तो जिंकणार नाही म्हणून ती बेट घेतो, म्हणजे खातो, आणि जो जिंकतो त्याच्याकडून कंपनी कमिशन घेते. बेटफेअर २००० साली याच पद्धतीवर सुरू झालं.

आता ट्रेडिंग म्हणजे काय, तर घोडा जिंकेल की नाही याच्याशी दादाचा संबंध नसतो, त्याला भावाशी मतलब. समजा एका घोड्यावर ३.०० च्या भावाने (जिंकला तर एका पाउंडाचे तीन परत) १०० पाउंड लावले आणि रेसच्या आधी भाव २.५० वर आला, तर तो १२० पाउंड खातो, म्हणजे घोडा जिंको की हरो, २० पाउंड हातात, त्यातून कमिशन वजा. भाव उलटा ३.२० वर गेला आणि तिथेच बाहेर पडला तर ९३.७५ खायचे, कसंही झालं तरी सव्वासहा पाउंडचं नुकसान. सव्वासहा. पण बाहेर पडायचं राहिलं आणि रेस सुटली, तर ते ट्रेडिंग राहतच नाही, शंभर पाउंडची साधी बेट होते आणि घोडा हरला की शंभर गेले. अख्खा धंदा या फरकावर उभा आहे, आणि एडीएचडीवाल्या माणसाची परीक्षा पण नेमकी इथेच.

दादाला निदान मोठेपणी झालं. लहानपणी आई म्हणायची याचं चित्त थाऱ्यावर नाही, मास्तर म्हणायचे हुशार आहे पण बसत नाही, बस्स, त्यापुढे कोणी गेलं नाही. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, सतरा आणि त्यावरच्या वयासाठी लक्षणांची अट सहावरून पाचवर आणली आणि बारा वर्षांच्या आधी काही लक्षणं होती का ते विचारलं जातं, आमच्याकडे तर होतीच, शाळेची प्रगतीपुस्तकंच साक्षीला. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा साधारण ७० ते ८० टक्के निघतो, त्यामुळे दादानंतर मी पण तपासून घेतलं आणि मलाही आहेच. त्यामुळे हे मी बाहेरून बघून लिहीत नाहीये.

लोकांना वाटतं की अशा माणसाला तोटा झाला की राग येतो आणि मग तो आंधळेपणाने पैसे लावत सुटतो. होतं तसं पण, नाही असं नाही. पण दादाच्या बाबतीत मी जे जवळून बघितलंय त्यात खरा धोका तोट्यापेक्षा रिकाम्या वेळेचा आहे. एका रेसकोर्सवर दोन रेसमध्ये साधारण अर्धा तास जातो, आणि मार्केटमध्ये खरा पैसा येतो तो रेस सुटायच्या आधीच्या दहा मिनिटांत. उरलेली वीस मिनिटं करायला काहीच नाही. आणि त्याच वीस मिनिटांत यॉर्कला काही चाललेलं असतं, ब्राइटनला घोडे गेटपाशी आलेले असतात, स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे लुकलुकत असतात, आणि ज्या मेंदूला थांबणं शारीरिक त्रासासारखं वाटतं (हो, खरंच तसं वाटतं, पायाला मुंग्या आल्यासारखं, पण डोक्यात) त्याचा हात तिकडे जातोच. चालू रेसमध्ये शिरतो, जिथे टीव्हीचं चित्र काही सेकंद मागे असतं आणि मैदानावर उभा माणूस त्याच्या आधी सगळं बघून बसलेला असतो. दिवसभराचे सव्वासहा-सव्वासहा नीट सांभाळायचे आणि ते सगळं अशा एका मिनिटात घालवायचं.

म्हणून "डिसिप्लिन ठेवा" हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. कुठून आणायची त्या क्षणाला? ज्याला त्या क्षणी ब्रेक लागतच नाही त्याला ब्रेक लाव म्हणून काय उपयोग, रस्ताच असा पाहिजे की गाडीला वेग येणार नाही. दादाने सगळे निर्णय सकाळी घ्यायचे ठरवलंय, मार्केट उघडायच्या आधी, डोकं शांत असताना. एकच रेसकोर्स, बाकीच्यांच्या खिडक्या बंद. चार टिक विरुद्ध गेलं की बाहेर (तीन ते चारच्या भावात एक टिक म्हणजे ०.०५, म्हणजे ३.०० वरून ३.२०, वरचाच हिशोब). रेसच्या छापील वेळेला अलार्म वाजला की काही हातात असेल ते सोडायचं, रेस प्रत्यक्षात बऱ्याचदा मिनिट-दोन मिनिटं उशिरा सुटते तेवढी सवड मिळते. हे सगळं एका पिवळ्या कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून स्क्रीनच्या खाली चिकटवलंय, इतकं खाली की माउस धरलेल्या हातासमोर येतं.

आणि डिपॉझिटची लिमिट. ही त्याने आठवड्याची लावलीये, कमी करायची तर लगेच होते, वाढवायची तर चोवीस तास थांबावं लागतं आणि मग परत हो म्हणावं लागतं. ते चोवीस तास मला त्या पूर्ण सिस्टीममधली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते. क्रेडिट कार्डाने तिकडे पैसे लावायला एप्रिल २०२० पासून बंदीच आहे. आणि कोणाला वाटलं की हे आपल्या हाताबाहेर चाललंय तर गॅमस्टॉप आहे, एकदा नाव टाकलं की सहा महिने, वर्ष किंवा पाच वर्षं सगळी लायसन्सवाली ऑनलाइन दारं बंद, मधे मन बदललं तरी उघडत नाहीत. दादाने वहिनीला सांगून ठेवलंय की घरखर्चाच्या पैशाला हात लागला त्या दिवशी तू शेजारी बसून माझ्याकडून ते नाव टाकून घे.

आता माझा भाग. त्या दोन दिवशी आपल्या संध्याकाळी साडेसहाला आमचा व्हिडिओ कॉल सुरू होतो. मी मुलांच्या वह्या तपासते, तो त्याचं काम करतो, बोलणं जवळजवळ नसतंच. याला बॉडी डबलिंग म्हणतात, कोणीतरी सोबत बसलेलं असलं की एडीएचडीवाल्याचं काम पुढे सरकतं, आणि खरं सांगू, माझ्या वह्या पण त्याच दोन दिवशी संपतात. रेस झाली की मी विचारते, "कार्डातलंच केलंस ना?" किती कमावले ते मी कधीच विचारत नाही, आकडा विचारला की तो आकड्याच्या मागे लागतो.

आणि त्या वीस मिनिटांत दादा लसूण सोलतो. हसू नका, हे आम्ही खूप काही करून बघितल्यावर सापडलंय. फोन दिला तर फोनमध्येच हरवतो, पुस्तक उघडलं तर हायपरफोकस लागून, म्हणजे त्यातच पूर्ण बुडून, रेसच विसरतो, दोन्हीकडून पंचाईत. लसणाला दोन्ही हात लागतात, बोटं चिकट होतात, मग माउसला हात लावायचा तर उठून धुवावे लागतात, आणि तेवढं उठणंच पुरेसं होतं. वाटीत पाकळ्या पडत राहतात, वहिनी नंतर पेस्ट करून फ्रीजमध्ये टाकते. हिरवा वाटाणा मिळाला की वाटाणा.

औषधाचं त्याच्या डॉक्टरांनी ठरवलंय, त्याबद्दल मी काही सांगणार नाही, तुम्हीही कोणाचं वाचून घेऊ नका. एवढंच की दुपार उतरता उतरता असर कमी होतो हे त्याला कळलंय, म्हणून शेवटच्या दोन रेस तो घेतच नाही, कितीही चांगला दिवस असो. उलट चांगल्या दिवशीच जास्त सांभाळावं लागतं, कारण तेव्हा त्याला भूक, तहान, वेळ काहीच कळत नाही.

इथे इंदूरला हे वाचून कोणी म्हणेल आमचा काय संबंध. पण विजयनगरपासून सुदामानगरपर्यंत प्रत्येक गल्लीत एक तरी मुलगा एक्सपायरीच्या दिवशी ऑप्शन घेऊन मोबाइलला चिकटलेला असतो. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की तीन वर्षांत एफ अँड ओमधल्या, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शनमधल्या, शंभरातल्या त्र्याण्णव छोट्या ट्रेडर्सना तोटा झाला, सगळा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. त्यातल्या कितींना एडीएचडी असेल आणि घरात नुसतं "उडाणटप्पू" म्हणून सोडून दिलं असेल, हा विचार मला खरंच स्वस्थ बसू देत नाही. तुमच्या घरात असा कोणी असेल तर आधी चांगल्या सायकियाट्रिस्टकडे न्या, भांडणं नंतर करा.

पुढच्या महिन्यापासून दहावीची जादा बॅच आहे, त्यामुळे मंगळवारी मला बसता येणार नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, पण थंडीत अंधार लवकर पडतो म्हणून रेसही लवकर सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे वेळ साधारण तीच पडणार. तर मंगळवारी बाबा बसणार आहेत. बँकेतून रिटायर झालेले, कार्ड त्यांना एका वाचनात पाठ झालं. त्यांची एकच शंका होती, मध्ये त्याच्या तब्येतीचं, ऑफिसचं, घराच्या हप्त्याचं विचारलं तर चालेल का. मी म्हटलं शेवटच्या दहा मिनिटांत एक अक्षर नको, पण त्याआधीच्या वीस मिनिटांत बाबा, तुम्हाला जे जे विचारायचंय ते सगळं विचारा.